हमीपत्र ते आरोग्य हमी : मनोरुग्णांच्या उपचारखर्चाचे दायित्व आणि स्थानिक स्वराज्य संस्था (यावल तालुक्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

मनोरुग्णाच्या उपचाराचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न भारतात १८५८ पासून कायद्याच्या चौकटीत विचारला जात आहे. कुटुंब, दानशूर व्यक्ती, प्रांतिक सरकार, नगरपालिका, राज्य शासन आणि अलीकडे सार्वजनिक आरोग्य विमा अशी या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलांचा ऐतिहासिक मागोवा घेऊन यावलसारख्या तालुक्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ तपासला आहे. खर्चाचे करार नेहमी दाखल रुग्णाच्या खाटेभोवती बांधले गेले आणि रुग्णाच्या सर्वांत जवळ असलेली स्थानिक संस्था त्या करारांच्या बाहेर राहिली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मनोरुग्णालय, हमीपत्र, स्थानिक स्वराज्य संस्था, आरोग्य विमा, खानदेश, यावल

प्रस्तावना

मराठी बोलीत ठाणे आणि येरवडा या दोन गावांच्या नावांना एक विचित्र अर्थ चिकटला आहे. 'याला आता ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला जागा बघा' असे थट्टेने म्हटले जाते. या थट्टेत समाजाची मनोविकाराकडे पाहण्याची दृष्टी तर आहेच, परंतु त्याबरोबर प्रशासनाचा एक इतिहासही दडला आहे. मनाचा आजार झालेल्या माणसाला गावातून उचलून दूरच्या एका ठरावीक ठिकाणी पाठवावयाचे असते, ही समजूत लोकांनी स्वतः निर्माण केलेली नाही. कायद्याने आणि खर्चाच्या व्यवस्थेने ती घडविली.

यावल तालुका हा जळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याची रांग आणि तापी नदी यांच्या दरम्यान वसलेला आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळीच्या बागा आहेत, तर उत्तरेकडे तडवी व पावरा समाजाचे पाडे आहेत. तालुक्यात यावल व फैजपूर ही दोन नगरपरिषदांची गावे असून आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय यावल येथे आहे. संपन्न बागायती आणि दुर्गम डोंगरपट्टा एकाच तालुक्यात असल्यामुळे सार्वजनिक सेवेची कोणतीही योजना येथे किती खोलवर पोहोचते, हे सहज तपासता येते. म्हणूनच प्रस्तुत विषयासाठी हा तालुका संदर्भ म्हणून निवडला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

सदर अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मनोरुग्णांच्या उपचारखर्चाविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा १८५८ पासूनचा विकास पाहणे, (२) या व्यवस्थेत स्थानिक स्वराज्य संस्थांचे स्थान काय होते, हे स्पष्ट करणे, (३) सार्वजनिक आरोग्य विम्याच्या आगमनाने हे स्थान बदलले काय, याचा शोध घेणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, जनगणना, समित्यांचे अहवाल व शासकीय योजना यांचा आधार घेतला आहे. इंग्लंड व अमेरिका येथील अनुभवाचा तौलनिक विचारही आवश्यक तेथे केला आहे.

१८५८ चे कायदे आणि दूरचे आश्रम

कंपनी सरकारचा कारभार संपून राणीचे राज्य सुरू झाले, त्याच वर्षी म्हणजे १८५८ मध्ये मनोविकाराशी संबंधित तीन कायदे करण्यात आले. त्यांपैकी ३४ व ३५ क्रमांकांचे कायदे मुख्यतः मालमत्तेशी संबंधित होते. वेड लागलेल्या व्यक्तीची जमीन, घर, पैसा कोणी सांभाळावयाचा, हे त्यांत ठरविले होते. ३६ क्रमांकाच्या कायद्याने वेड्यांच्या आश्रमांची व्यवस्था लावली. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या मनोरुग्णास पोलिसाने मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत घेऊन त्यास आश्रमात पाठवावे, अशी ती साखळी होती. रुग्णाची मालमत्ता असेल किंवा त्याचे पालनपोषण करण्यास कायद्याने बांधलेला नातेवाईक असेल, तर खर्च तेथून वसूल करण्याची तरतूद होती. कोणीच नसेल तेथे सरकार.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील आश्रम कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद व सिंधमधील हैदराबाद येथे होते. खानदेशात एकही नव्हता. त्या काळी यावल व रावेर हा परिसर सावदा तालुक्यात मोडत असे आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण धुळे होते. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आल्यावर मुंबईचा प्रवास शक्य झाला, तरी तो सुमारे साडेचारशे किलोमीटरचा होता. घरची माणसे अशा प्रवासास निघत असतील तर ती फार नाइलाजाने, हे समजण्यासारखे आहे. भटक्या रुग्णाच्या बाबतीत हा प्रवास पोलिसांच्या पहाऱ्यात होत असे. आजारी माणूस आणि आरोपी यांच्यातील सीमारेषा खानदेशातील सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पुसट होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानावे लागेल.

या काळात खर्चाच्या व्यवस्थेत आणखी एक घटक आला, तो म्हणजे दान. १८७१ मध्ये सिंधमधील हैदराबाद येथील आश्रमास कावसजी जहांगीर यांचे नाव लाभले, तर १९०१ मध्ये ठाण्याजवळ नौपाडा येथे सुरू झालेल्या आश्रमास नरोत्तमदास माधवदास यांचे. दात्याने इमारतीचा भार उचलावा आणि रोजचा खर्च सरकारने चालवावा, अशी ही वाटणी होती. मात्र इमारत एकदाच बांधावयाची असते आणि रुग्णाला जेवण रोज द्यावयाचे असते. दानातून भिंती उभ्या राहिल्या, तरी दैनंदिन निर्वाहाचा प्रश्न कायमच राहिला.

१९१२ चा कायदा : हमीपत्राची संस्था

१९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक अधिनियमाने (१९१२ चा ४ था) आधीची व्यवस्था अधिक तपशीलवार केली. या अधिनियमात 'निर्वाहखर्च' या शब्दाची व्याख्या देऊन त्यात निवास, अन्न, वस्त्र, औषध व देखभाल यांचा समावेश करण्यात आला. दाखल रुग्णासाठी नातेवाईक किंवा मित्र यांच्याकडून खर्चाची लेखी हमी घेण्यात यावी आणि अशी हमी नसेल तेथे खर्च सरकारने द्यावा, अशी त्यातील मूळ कल्पना होती. रुग्णाच्या इस्टेटीतून किंवा पालनपोषणास बांधील व्यक्तीकडून दिवाणी न्यायालयामार्फत वसुली करण्याचा मार्गही खुला ठेवला होता.

रुग्ण बाहेर येतानाही असाच प्रकार होता. नातेवाइकास रुग्ण आपल्या ताब्यात हवा असेल, तर त्याची योग्य देखभाल करण्याची आणि त्याला स्वतःस किंवा इतरांस इजा करू न देण्याची हमी त्याने द्यावयाची होती. थोडक्यात, रुग्ण आत जाताना पैशाची हमी आणि बाहेर येताना देखरेखीची हमी, अशा दोन हमींच्या मध्ये त्याचे आयुष्य उभे होते. दोन्ही हमी देणारा एकच, आणि तो म्हणजे कुटुंब. ज्याच्याकडे ऐपत नाही किंवा ज्याला गावात कोणी विचारीत नाही, त्याच्यासाठी आत जाण्याची वाट पोलिसांमार्फत सोपी होती. बाहेर येण्याची वाट मात्र त्यामानाने अवघड होती. मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहून गेलेल्या, बरे होऊनही घरी न गेलेल्या रुग्णांचा प्रश्न या दोन हमींच्या असमतोलातून वाढला, असे म्हणता येईल.

येरवड्याचे मनोरुग्णालय १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे १९२२ मध्ये कायद्यातील 'आश्रम' हा शब्द जाऊन 'मनोरुग्णालय' हा शब्द आला. नाव बदलले, परंतु खर्चाच्या तरतुदी तशाच राहिल्या. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार रुग्णालये, दवाखाने व आश्रम हा विषय प्रांतांकडे आणि त्यातही लोकनियुक्त मंत्र्यांच्या खात्याकडे आला. तथापि प्रांताच्या तिजोरीत शिक्षण, दवाखाने, रस्ते या सर्वांची ओढाताण होती आणि मनोरुग्णांच्या बाजूने बोलणारा मतदार नव्हता.

स्थानिक संस्था : बिल आहे, बोलण्याचा अधिकार नाही

स्थानिक स्वराज्याचा विकास याच काळातील आहे. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने जमीन महसुलावर उपकर बसविण्यात आला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि १९२३ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाल्यावर जळगाव हे पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण बनले. शेतकऱ्यांच्या उपकरातून लोकल बोर्डांनी रस्ते, शाळा, विहिरी, दवाखाने व देवी काढण्याची कामे केली. शरीराच्या आजारासाठी तालुक्याच्या गावी दवाखाना असावा, हे तत्त्व त्यांतून रुजले. मनाच्या आजारासाठी मात्र तालुक्यात काही असावे, ही कल्पना कोठेच नव्हती. त्यासाठी पोलीस ठाणे, मॅजिस्ट्रेट आणि दूरचे मनोरुग्णालय एवढेच टप्पे होते.

जेथे स्थानिक संस्थेस या खर्चात सहभागी करून घेण्यात आले, तेथे ते कसे घडले, हे १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमावरून दिसते. मनोरुग्ण व कुष्ठरोगी यांच्या निर्वाहासाठी व उपचारासाठी शासन ठरवील त्या दराने व त्या अटींवर महानगरपालिकेने रक्कम द्यावी, अशी तरतूद त्यात घालण्यात आली. या तरतुदीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. दर शासनाने ठरवावयाचा, रुग्णालय शासनाने निवडावयाचे, अटी शासनाच्या आणि रक्कम नगराची. याला करार म्हणणे कठीण आहे, कारण करारात दोन्ही बाजूंना बोलता येते. शिवाय मनोरुग्ण व कुष्ठरोगी यांची एकत्र मांडणी हीच समाजाच्या त्या काळच्या दृष्टीची साक्ष आहे. ज्यांना गावाबाहेर ठेवावयाचे, त्यांच्या खर्चाचा विचार एका ओळीत उरकला गेला.

जळगाव व धुळे या नगरपालिकांचे २००३ मध्ये महानगरपालिकांत रूपांतर झाले आणि त्या या अधिनियमाच्या कक्षेत आल्या. यावल व फैजपूर येथील कारभार १९६५ च्या नगरपरिषदविषयक अधिनियमानुसार चालतो, तर ग्रामीण भागासाठी १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आहे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालये व जिल्हा रुग्णालये राज्य शासनाकडे अशी विभागणी झाली. मनोविकाराचा उपचार दुसऱ्या बाजूस गेला. म्हणजे पाड्यावरील माणसाला रोज भेटणारा आरोग्य कर्मचारी एका यंत्रणेत आणि मनोविकाराच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर दुसऱ्या यंत्रणेत, अशी स्थिती निर्माण झाली.

राज्यघटनेतही हा विषय तीन ठिकाणी विभागलेला आहे. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत, वेडेपणा व मनोरुग्णांच्या उपचाराची ठिकाणे समवर्ती सूचीत आणि १९९२ च्या दुरुस्त्यांनंतर अपंग व मतिमंद व्यक्तींचे कल्याण अकराव्या व बाराव्या अनुसूचींत पंचायती व नगरपालिकांकडे. या दोन्ही अनुसूचींत मनोरुग्णांचा स्वतंत्र उल्लेख नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पैसा जेथे जातो, तेथे रुग्ण जातो : तौलनिक विचार

खर्चाच्या व्यवस्थेचा रुग्णाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे गरीब मनोरुग्णाचा खर्च गरिबांच्या कायद्यानुसार स्थानिक करदात्यांवर पडत असे. १८७४ मध्ये मध्यवर्ती सरकारने मनोरुग्णालयात ठेवलेल्या प्रत्येक गरीब रुग्णामागे आठवड्याला चार शिलिंगांचे अनुदान सुरू केले. हेतू चांगला होता. परंतु हे अनुदान गावच्या गरीबखान्यातील रुग्णास मिळत नसल्यामुळे, गावात सांभाळता येण्यासारख्या वृद्ध व निरुपद्रवी व्यक्तींनाही मनोरुग्णालयात धाडण्याकडे स्थानिक अधिकाऱ्यांचा कल झाला. न्यूयॉर्क राज्यात १८९० मध्ये राज्याने सर्व गरीब मनोरुग्णांचा भार स्वतःकडे घेतला, तेव्हाही काउंट्यांनी आपल्या अनाथालयांतील वृद्धांना राज्याच्या रुग्णालयांत पाठविण्यास प्रारंभ केला. तेथील काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा समजावा.

कॅलिफोर्नियाने १९५७ मध्ये निराळा मार्ग घेतला. काउंटीने आपल्या हद्दीत मनोविकाराच्या सेवा सुरू केल्यास त्यांच्या खर्चाचा निम्मा वाटा राज्य देईल, असा शॉर्ट-डॉइल या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे झाला. पुढे राज्याचा वाटा वाढविण्यात आला. १९९१ मध्ये विक्रीकर व वाहनकराच्या उत्पन्नाचा एक भाग याच कामासाठी काउंट्यांना तोडून देण्यात आला. गरिबांच्या सार्वजनिक विम्यातील मनोविकाराची सेवाही राज्य व काउंटी यांच्यातील लेखी करारांद्वारे चालू लागली. ही व्यवस्था निर्दोष नाही. रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांचा प्रश्न तेथेही तीव्र आहे. तथापि खर्च, अधिकार व जबाबदारी या तीनही गोष्टी एकाच कागदावर आणण्याचा प्रयत्न तेथे झाला, हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. वरील तीनही उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते : पैसा खाटेला बांधला तर रुग्ण खाटेकडे जातो आणि गावातील सेवेला बांधला तर गावात राहू शकतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : खाटांच्या हिशेबातून जिल्ह्याकडे

१९४६ च्या भोर समितीने देशातील मनोरुग्णालयांची संख्या १९ आणि खाटांची संख्या सुमारे १०,००० असल्याचे नोंदविले होते. सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे एक खाट असे ते प्रमाण होते. त्या वेळी इंग्लंडमध्ये ते सुमारे ३०० लोकसंख्येमागे एक खाट असे होते. या तुलनेवरून खाटा वाढविण्याची गरज दिसली. परंतु इतक्या खाटा उभारणे भारताला परवडणारे नव्हते आणि पाश्चात्त्य देशही पुढे या मार्गावरून मागे फिरले.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मनोविकाराचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावा, ही त्यातील मूळ संकल्पना होती. आज देशातील ७०० हून अधिक जिल्हे या कार्यक्रमाखाली आहेत. मात्र त्याचा निधी केंद्राकडून राज्यामार्फत जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे येतो. तालुक्याच्या पंचायत समितीला किंवा नगरपरिषदेला त्यात आपला वाटा घालण्याचे आणि त्याबदल्यात सेवा मागण्याचे स्थान नाही.

१९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (अंमल १ एप्रिल १९९३ पासून) 'वेडेपणा' हा शब्द काढून टाकला. तरीही निर्वाहखर्चाचे प्रकरण त्यातही कायम होते : ऐपतदार नातेवाइकाकडून वसुली आणि अन्यथा शासनाचा भार. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांत बांधलेले मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले, तेव्हा सरकारी व्यवस्थेच्या बाहेर किती कुटुंबे उपाय शोधत आहेत, हे देशाला समजले. खानदेशातील कुटुंबांनाही हा अनुभव नवा नाही. भगत, मांत्रिक, बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी दर्गा अशा ठिकाणी कुटुंबे जातात, त्यामागे केवळ अंधश्रद्धा आहे असे म्हणणे अपुरे ठरते. ती ठिकाणे हमीपत्र मागत नाहीत आणि रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही थांबू देतात, ही बाब लक्षात घेतली पाहिजे.

विम्याचे युग : नवी 'हमी'

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठ जिल्ह्यांत धुळे जिल्हा होता. जळगावसह उर्वरित राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. पात्र कुटुंबाच्या वतीने राज्य शासन विमा कंपनीला हप्ता भरील आणि कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतील, अशी ही योजना होती. तिच्या अंमलबजावणीसाठी स्थापन झालेल्या संस्थेचे नाव 'राज्य आरोग्य हमी सोसायटी' असे आहे. १९१२ च्या अधिनियमातील हमी कुटुंबाने द्यावयाची होती. बरोबर शंभर वर्षांनी 'हमी' हा शब्द शासनाच्या बाजूस आला, हे ऐतिहासिकदृष्ट्या मोठे परिवर्तन आहे.

परंतु या योजनेतील ९७२ उपचार ज्या ३० विशेष शाखांत विभागले होते, त्यांत मनोविकारशास्त्राचा समावेश नव्हता. हृदयाला हमी मिळाली, मूत्रपिंडाला मिळाली, मनाला मिळाली नाही. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत मात्र मानसिक विकारांसाठी १७ उपचार-संच ठेवण्यात आले आणि २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्रित चालू लागल्या. २०२३ मध्ये राज्य शासनाने सर्व कुटुंबांसाठी विमा संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला.

दरम्यान २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आला. शारीरिक आजारांसाठी ज्या आधारावर विमा दिला जातो, त्याच आधारावर तो मानसिक आजारांसाठी दिला पाहिजे, असे बंधन त्याने प्रत्येक विमा कंपनीवर घातले. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास विनामूल्य उपचाराचा हक्क दिला. रुग्णास घरदार नाही किंवा घरचे स्वीकारीत नाहीत, एवढ्याच कारणावरून त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही म्हटले. १८५८ पासून चालत आलेल्या 'खर्च कोणाचा' या प्रश्नाऐवजी 'हक्क कोणाचा' हा प्रश्न कायद्याने प्रथमच मध्यभागी आणला.

तथापि विम्याची रचना पाहिली असता एक जुनी अडचण नव्या रूपात समोर येते. वर उल्लेखिलेल्या सार्वजनिक योजनेत पैसे मिळतात ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, तसेच दाखल होण्यापूर्वीच्या ३ व घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतच्या खर्चासाठी. मनोविकाराचा स्वभाव वेगळा आहे. छिन्नमनस्कता किंवा द्विध्रुवीय विकार असलेल्या रुग्णाला दाखल होण्याची गरज क्वचित पडते. गोळ्या मात्र वर्षानुवर्षे लागतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरील मजुराला महिन्यातून एकदा जळगावला जाऊन औषध आणावयाचे असेल, तर एस.टी.चे भाडे, बरोबरच्या माणसाची आणि स्वतःची बुडालेली मजुरी हा त्याचा खरा उपचारखर्च आहे. विम्याच्या कागदावर हा खर्च नाही. म्हणून गोळ्या सुटतात, आजार उलटतो आणि मग दाखल होण्याची वेळ येते. त्या वेळी विमा धावून येतो. चार शिलिंगांच्या अनुदानाची चूक आपण वेगळ्या नाण्यात पुन्हा करीत आहोत काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापासून दूर होते. मनोविकाराकडे पाहण्याची लाज हे त्याचे एक कारण आहेच. परंतु उपचार ज्या ठिकाणी ठेवले आहेत, ते ठिकाणही तितकेच कारणीभूत आहे.

तालुक्याच्या पातळीवरील शक्यता

यावल–रावेर पट्ट्यातील शेतकऱ्यास विम्याची भाषा परकी नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी तापमान ठरावीक मर्यादेच्या खाली किंवा वर गेले, वेगाचा वारा सुटला, तर भरपाई ठरलेली आहे. त्या विम्याच्या हप्त्यात शेतकरी, राज्य व केंद्र अशा तिघांचा वाटा असतो. केळीच्या खोडासाठी तीन पक्षांचा लेखी करार होऊ शकतो, तर केळी पिकविणाऱ्याच्या मनासाठी का होऊ नये, हा प्रश्न भावनेचा वाटला तरी प्रशासकीयदृष्ट्या योग्य आहे.

स्थानिक संस्थांकडे यासाठी काहीच पैसा नाही, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे शासनाचे धोरण आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या अधिनियमात आणि नंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात 'मानसिक आजार' हा अपंगत्वाचा एक प्रकार म्हणून मान्य झालेला आहे. दीर्घकालीन मनोविकाराचे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती या निधीची हक्कदार आहे. प्रमाणपत्र मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते आणि आजारामुळेच ते जमत नाही, ही यातील खरी अडचण आहे. धुळ्यात १९८९ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे खानदेशात आज निदान तज्ज्ञ तरी जवळ आहेत. शंभर वर्षांपूर्वी तेही नव्हते.

निष्कर्ष

१. १८५८ ते १९८७ पर्यंतच्या कायद्यांत उपचारखर्चाची पहिली जबाबदारी कुटुंबावर आणि शेवटची शासनावर होती. या दोहोंच्या मधल्या जागेवर असलेल्या स्थानिक संस्थेचा विचार झाला तेव्हा तो केवळ रक्कम भरणारी संस्था म्हणून झाला.

२. हमीपत्राची पद्धत दाखल होण्यापेक्षा घरी परतणे अधिक कठीण करणारी होती. दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न समजून घेताना ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

३. सार्वजनिक आरोग्य विम्याने 'हमी' शासनाच्या बाजूस आणली, हे निश्चितच प्रगतीचे पाऊल आहे. परंतु ही हमी अद्याप खाटेशी बांधलेली आहे. सोसायटी, विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्या करारात तालुका कोठेच पक्षकार नाही.

४. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ, जिल्हा परिषदेचे आरोग्य कर्मचारी, स्थानिक संस्थांचा दिव्यांग निधी आणि विमा योजना यांना बांधणारा एक लेखी करार तालुक्याच्या पातळीवर व्हावा. त्यात यावल व न्हावीसारख्या ग्रामीण रुग्णालयांत ठरावीक दिवशी मनोविकार तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांचा साठा, प्रमाणपत्रासाठी तालुक्यातच शिबिर आणि पाड्यावरील रुग्णाचा प्रवासखर्च एवढ्या चार गोष्टी जरी नोंदविल्या, तरी तो आजवरच्या हमीपत्रांपेक्षा वेगळा दस्तऐवज ठरेल.

१८८१ ते १९३१ या काळातील प्रत्येक जनगणनेत 'वेडे' म्हणून माणसांची मोजणी होत होती. त्यानंतर हा रकाना अनेक दशके गेला आणि २०११ च्या जनगणनेत 'मानसिक आजार' या नावाने परत आला. त्या वेळी देशभरात ७,२२,८२६ व्यक्तींची नोंद झाली. सर्वेक्षणातील १०.६ टक्क्यांशी हा आकडा ताडून पाहिला, तर बहुसंख्य कुटुंबांनी आपल्या घरातील आजार मोजणाऱ्यास सांगितलाच नाही, हे उघड होते. सांगून उपयोग काय, असे त्यांना वाटले असल्यास तो दोष केवळ त्यांचा नाही. तालुक्याच्या गावी औषध मिळते, त्यासाठी घरचा माणूस दूर धाडावा लागत नाही आणि कोणी हमी मागत नाही, एवढे ज्या दिवशी अनुभवास येईल, त्या दिवसापासून ही कुटुंबे बोलू लागतील, असे या अभ्यासाच्या आधारे म्हणता येईल.